वंशवृक्षाबाहेरचे कुटुंब

पूर्वजांच्या शोधाला निघालेल्या मनुष्याच्या मनात प्रारंभी बहुधा एक भोळी समजूत असते. पूर्वी आपले एक कुटुंब होते, त्या कुटुंबाने आपली हकीकत कोठेतरी लिहून ठेवली, ती आज एखाद्या दप्तराच्या रुमालात किंवा क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत पडून आहे, आणि मोडी वाचणारा जाणकार गाठून तिच्यावरची धूळ झटकली की पणजोबांचे आजोबा सहकुटुंब सहपरिवार आपल्यापुढे उभे राहतील, अशी ती समजूत होय. शोध पुढे सरकू लागला म्हणजे कागद मिळतात, नावेही मिळतात, क्वचित आठ-दहा पिढ्यांची सलग मालिकाही हाती येते. परंतु ज्या कुटुंबासाठी हा खटाटोप आरंभला ते मात्र हुलकावणी देत राहते. याचे खापर वाळवीवर, आगीवर किंवा आपल्या पूर्वजांच्या इतिहासविषयक अनास्थेवर फोडण्याची रीत आहे, आणि तीत थोडेबहुत तथ्यही आहे. पण मुख्य कारण निराळे आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात कुटुंबाची स्मृती राखावी एवढ्याच हेतूने लिहिलेला कागद जवळजवळ नाहीच. जो लिहिला गेला तो हक्क शाबीत करण्यासाठी, सारा वसूल करण्यासाठी, कर्ज वारण्यासाठी किंवा पिंड देण्यासाठी. म्हणून वंशावळ हे घराण्याचे स्मरण नसून घराण्याचा दावा आहे, आणि ती वादीची कैफियत वाचावी त्याच सावधपणाने वाचली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे कठोर वाटेल. पण ज्या वंशावळींचा आपण अभिमान बाळगतो त्या केव्हा आणि कोणापुढे लिहिल्या गेल्या ते पाहिले तर त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, आणि कंपनी सरकारच्या पदरी मुलखाबरोबर इनामांचे एक अवाढव्य जंजाळ आले. कोणाचे गाव, कोणाची जमीन, कोणाचे वर्षासन. कोणाजवळ सनद आहे, कोणाजवळ केवळ वहिवाट आहे, आणि कोणी बाजीरावाच्या अखेरच्या धामधुमीत कागद करून घेतला आहे. सारा बुडतो ही सरकारची तक्रार, तर वडिलार्जित भोगवटा जातो ही इनामदारांची. 1843 च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रात सुरू झालेल्या चौकशीला 1852 च्या अकराव्या कायद्याने रीतसर स्वरूप मिळाले आणि इनाम कमिशन अस्तित्वात आले. इनामदाराने आपली कैफियत द्यावी, सनदा दाखल कराव्यात, मूळ संपादकापासून आपल्यापर्यंतची वंशावळ मांडावी, आणि कमिशनच्या कारकुनांनी ती पुण्यास जमवलेल्या पेशव्यांच्या दप्तराशी ताडून पाहावी, असा तो क्रम होता. अनेक इनामांच्या बाबतीत निकालाचे कलम असे असे की मूळ धारकाचा पुरुषवंश चालू असेपर्यंत इनाम चालावे व तो खुंटताच ते खालसा व्हावे. या एका कलमात वंशावळीच्या सगळ्या गुणदोषांचे मूळ आहे. पुरुषवंश एवढाच प्रश्न विचारला गेल्यावर उत्तरात पुरुषच येणार. मुली सांगण्याचे कारण नव्हते. निपुत्रिक वारलेल्या भावाचे नाव ठेवून लाभ नव्हता, आणि वेगळा निघून दुसऱ्या परगण्यात गेलेल्या चुलत्याचे नाव घेणे तर नवा तक्षीमदार आपल्या हाताने उभा करण्यासारखे होते. उलट दत्तक पुत्राला शक्य तोवर औरस पुत्रासारखा दाखवण्यात शहाणपण होते, कारण दत्तकाला सरकारची मंजुरी आहे काय हा प्रश्न त्याच काळात मोठमोठी संस्थाने गिळत होता. साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये याच मुद्द्यावर गेले हे प्रत्येक इनामदाराला ठाऊक होते.

अशा रीतीने भीतीच्या छायेत तयार झालेला हा कागद कमिशनला सादर झाला, त्याची एक नक्कल घरी राहिली, ती देवघराजवळच्या पेटीत गेली, आणि दोन पिढ्यांनी ती पेटी उघडणाऱ्या पणतवाला ती आपल्या कुळाची पवित्र परंपरा वाटली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तांतांची जी लाट आली, तिच्यातील पुष्कळ ग्रंथांचा पाया अशा नकलांवर रचलेला आहे. या ग्रंथांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पोस्टकार्डांवर पोस्टकार्डे पाठवून, गावोगाव फिरून, भाऊबंदांची मनधरणी करून ज्यांनी ती कुळे एकत्र मांडली त्यांच्या चिकाटीला तोड नाही, आणि सुनांची माहेरची आडनावे देण्याचा जो प्रघात त्यांनी पाडला तो सरकारी कागदाच्या पुष्कळ पुढचा होता. तरीही विवाहात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलण्याची आपल्याकडील रूढी अशी की माहेरच्या वृक्षावर ती एका नावाने, सासरच्या वृक्षावर दुसऱ्याच नावाने, आणि दोन्हीकडे फांदी न फुटलेली अशी राहिली. ती एकच स्त्री आहे हे जुळवून दाखवणे हे शोधकाचे काम खरे, पण ते करण्याची सोय या ग्रंथांच्या रचनेतच नाही.

इनामाची बाब थोड्यांची. बहुसंख्य लोक रयत होते, आणि त्यांच्यासाठी वेगळे दप्तर होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी पाहणी-जमाबंदीची पद्धत सुरू केली, तिने शेताला नंबर दिला, हद्द दिली, आकार ठरवला, आणि सारा भरण्यास जबाबदार असा एक खातेदार नेमका केला. वंशशोधकाला हे वरदान वाटते, आणि गाव मिळाले तर ते वरदान आहेही. मात्र त्या खात्यावरचे नाव हे घराचे नाव नव्हे. चार भाऊ एका चुलीवर जेवत असले तरी खाते थोरल्याचे. धाकट्यांचे अस्तित्व कळायचे ते वाटणी झाली, भांडण झाले किंवा थोरला मेला म्हणजे. त्यातही आडनाव बहुधा नसतेच. ‘रामजी बिन संभाजी’ असा माणूस एका पिढीत, ‘संभाजी बिन रामजी’ दुसऱ्या पिढीत, आणि तिसऱ्या पिढीत पुन्हा पहिलाच. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रेमळ रूढीने शोधकाला जेवढे चकवले आहे तेवढे वाळवीने चकवले नसेल. स्त्री या कागदात येते ती ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दाच्या आधाराने, आणि बहुधा विधवा झाल्यावर. नवरा जिवंत असता तिला नाव नाही. तो मेल्यावर, मुलगा अज्ञान असल्यास, साऱ्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते म्हणून ती कागदावर उमटते. तिच्या आयुष्यातील सर्वांत वाईट वर्ष हेच तिच्या नोंदीचे वर्ष ठरते.

कालगणनेचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच पुरे की ‘इसन्ने सलासीन मयातैन व अलफ’ म्हणजे शुहूर सन 1232, अर्थात इसवी सन 1831-32, हा हिशेब ज्याला बसल्या जागी करता येत नाही त्याने आपला मूळपुरुष पेशवाईत होता की इंग्रजीत होता याविषयी घाईने बोलू नये.

मग कुटुंब कोठे सापडते? माझा अनुभव असा की ते कर्जात आणि कज्ज्यात सापडते. 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खते आणि दस्तऐवज जाळले तेव्हा आपल्या नातवंडांच्या इतिहासाची साधने आपण जाळतो आहोत असा विचार त्यांच्या मनाला शिवण्याचे कारण नव्हते. त्या कागदाने त्यांची जमीन चालली होती आणि तो जळालेलाच बरा होता. पण त्या दंग्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर होण्याची तजवीज केली, आणि त्यामुळे पुढच्या काळातील गरिबाच्या घरात डोकावण्याची एक खिडकी उघडी राहिली. खत केवळ खातेदाराचे नसते. त्यात जामीन असतो, आणि तो पुष्कळदा मेहुणा किंवा सासरा असतो. साक्षीदार असतात, ते शेजारचे किंवा सोयऱ्याच्या गावचे असतात. कर्जाचे कारण असते, आणि ते मुलीचे लग्न, बापाचे दिवस किंवा बैलाची खरेदी असे असते. खाली ‘निशाणी नांगर’ असते, क्वचित ‘निशाणी बांगडी’ असते. वंशावळ ज्या आडव्या नात्यांना कापून टाकते ती येथे, सावकाराच्या सावधगिरीमुळे का होईना, शिल्लक उरतात. म्हणून शोधकाने वर चढत जाण्याची घाई न करता एकाच पिढीत आडवे हिंडावे. आठवा मूळपुरुष सापडण्यापेक्षा तिसऱ्या पिढीतील आत्या कोणत्या गावी दिली होती ते सापडणे अधिक कठीण, आणि मला वाटते अधिक मोलाचे आहे.

वंश आणि कुटुंब यांच्यातील ही फारकत एखाद्या सर्वपरिचित घराण्यात पाहावयाची तर जोतीराव फुले यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, आणि पणजोबा तेथले चौगुले. गावच्या कुलकर्ण्याशी वितुष्ट आल्यामुळे त्यांनी गाव सोडले व ते पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले. पुढे घराणे पुण्यास आले आणि फुलांच्या व्यवसायावरून नवे आडनाव रूढ झाले. म्हणजे तीन पिढ्यांत गाव दोनदा बदलले, हक्क गेला, धंदा बदलला आणि आडनावही बदलले. केवळ ‘फुले’ या नावाने कटगुणचे दप्तर चाळणाऱ्यास काय सापडेल? पुढे पेशव्यांनी फुलांच्या सेवेबद्दल या घराण्यातील बंधूंना पस्तीस एकर जमीन इनाम दिली, आणि ती थोरल्या राणोजीने एकट्याने बळकावली अशी हकीकत आहे. कागदाच्या दृष्टीने तो इनामदार झाला. जोतीरावांचे वडील गोविंदराव त्या कागदाबाहेर राहिले. ज्या फांदीला फळ धरले ती वंशावळीबाहेरची आणि जी वंशावळीत राहिली तिचे नाव आज त्या एका कज्ज्यापुरते, असा हा प्रकार आहे.

पण याहून मोठी गोष्ट पुढील पिढीची. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना अपत्य नव्हते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आपला म्हणून वाढवला. शास्त्राप्रमाणे दत्तक सजातीय असावा लागे, त्यामुळे या नात्याला धर्मशास्त्राच्या दप्तरात जागा नव्हती. जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र करून यशवंताला वारस ठरवले तेव्हा शास्त्राने नाकारलेले नाते त्यांनी निबंधकाच्या कागदाने पक्के केले. तरीही 1890 च्या नोव्हेंबरात जोतीराव वारल्यावर टिटवे कोणी धरावे यावर भाऊबंदांनी वाद घातलाच, आणि तो वाद सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन मिटवला. भाऊबंदांची बाजू वंशाची होती आणि तिला तर्क होता: टिटवे धरणारा तो वारस, आणि वारस तो रक्ताचा. सावित्रीबाईंची बाजू कुटुंबाची होती. डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यात 1897 च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना मृत्यू आला, ही गोष्ट कोणत्या वंशवृक्षावर कशी दाखवणार? गोऱ्ह्यांच्या वृक्षावर यशवंताला जागा नाही, त्याच्या जन्मदात्या पित्याच्या वृक्षावर तर त्याचे नाव कोणी घेणेच शक्य नव्हते. त्याचे सगळे नातेवाईकपण एका मृत्युपत्रावर आणि एका अंत्ययात्रेवर उभे आहे. असे अज्ञात यशवंत त्या शतकात किती असतील याचा अंदाज वंशावळींवरून कधीही बांधता येणार नाही.

ज्यांना इनाम नाही आणि खातेही नाही, त्यांचे काय? आपल्याकडे 1872 पासून खानेसुमारी झाली. पण इंग्लंडात 1841 पासूनच्या घरोघरच्या नावनिशीवार याद्या जशा राखल्या गेल्या तशा येथे राखल्या गेल्या नाहीत. आकडे काढले आणि माणसे टाकून दिली. पलटणीने मात्र काही नावे राखली. कोरेगावच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि ‘नाक’ या प्रत्ययावरून त्यांतील महार शिपाई ओळखता येतात. गावच्या कागदात ज्यांना एक समूह म्हणून मोजले जाई त्यांना येथे स्वतःचे नाव मिळाले, ते मेल्यावर का होईना. शाळेने दुसरी वाट उघडली. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलाचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले त्या रजिस्टरात सकपाळ हे आडनाव नाही. मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावावरून पडलेले, आणि पुढे आंबेडकर म्हणून जगाला माहीत झालेले नाव तेथे आले. कुळ सांगणाऱ्या आडनावापेक्षा गाव सांगणारे आडनाव शोधकाला अधिक उपयोगी पडते, हा एक व्यवहारी मुद्दा येथे सहज सांगून ठेवतो.

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की देश सोडून गेलेल्याची नोंद देशात राहिलेल्यापेक्षा चांगली झाली. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांतील बरेच मराठी लोक मुंबई बंदरातून, विशेषतः कोकणातून गेले. तेथे उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळाला, आणि नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव अशी रकानेवार नोंद झाली. ही दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. स्त्रीलाही स्वतंत्र क्रमांक मिळाला. रत्नागिरीच्या ज्या खेड्यात तिचे नाव कोणत्याही कागदावर आले नसते तेथून ती हजारो मैल दूर गेली तेव्हा एका परक्या कारकुनाने तिला विचारले की तुझे नाव काय, आणि वेडेवाकडे का होईना, ते लिहून घेतले. हे ममतेने झाले नाही. पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून ती उंची आणि ती खूण होती. परंतु हक्काच्या कागदाने जिला वगळले तिला गुलामगिरीच्या वेशीवरल्या कागदाने राखले हे सत्य टाळता येत नाही.

माझ्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा आक्षेप धर्मकृत्याच्या बाजूने येतो, आणि तो मी मान्य करतो. नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायाची वही ही सरकारी गरजेतून जन्मलेली नाही. यात्रेकरू येई, बरोबर कोण आहे ते सांगे, आणि लिहिता येत असल्यास आपल्या हाताने नावे लिही. शिवाय श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांचाही नामोच्चार लागतो, मातामहाचे घराणेही लागते. ज्या स्त्रीला वारसाच्या कायद्याने खोडले तिला तर्पणाच्या मंत्राने तीन पिढ्या जिवंत ठेवले. धर्माने स्त्रीला काय दिले आणि काय हिरावले याचा हिशेब करणाऱ्यांनी ही जमेची बाजू मांडलेली मी फारशी पाहिलेली नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बैल घेऊन दारी येणारे हेळवीही अशीच घराण्याची नावे सांगत फिरत. पण त्यांना दक्षिणा देणारा कोण, त्यावर कोणती शाखा विस्ताराने गायिली जाई हे ठरे. उपाध्यायाच्या वहीलाही मर्यादा आहेच: ज्याला यात्रा परवडली तोच तीत आला, आणि ज्याला घाटाची पायरी चढू दिली नाही तो आला नाही.

अलीकडे हा शोध सरकारी काम बनला आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली 2023 मध्ये समिती नेमली गेली, आणि तहसिलींतून, शाळांतून, भूमी अभिलेख कार्यालयांतून खासरापत्रके, पाहणीपत्रके, कुळ नोंदवह्या, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 असे कागद कुणबी या एका नोंदीसाठी चाळले गेले. ज्याला आरक्षणाचा दाखला हवा त्याने तो शोधावा, त्यात गैर काही नाही. मोडी वाचकांना कधी नव्हे ते काम मिळाले हेही चांगलेच झाले. परंतु त्या रकान्यात काय लिहायचे ते पाटील, तलाठी किंवा मास्तर ठरवीत, आणि एकाच घरातील एका भावाच्या नावापुढे एक शब्द व दुसऱ्याच्या पुढे दुसरा असे आढळते तेव्हा त्यातून घराण्याचे मूळ सिद्ध झाले असे समजणे म्हणजे कारकुनाच्या लेखणीला वंशकर्त्याचा मान देणे होय. इनाम कमिशनपुढे जे घडले तेच येथे निराळ्या वेषात घडत आहे: प्रश्न सरकार विचारते, आणि पूर्वज त्या प्रश्नाच्या मापाने कापले जातात.

तलाठ्याकडे वारसनोंद करताना आज जी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते तीत मुलींची नावे असतात. 1956 च्या वारसा कायद्याने, मग 1994 च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने हा बदल घडला; कोणत्याही कुलवृत्तांतकाराच्या औदार्याने नव्हे. आणि ती नावे सात-बाराच्या उताऱ्यावर चढतात न चढतात तोच अनेक घरांतून बहिणींना निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. त्या दस्तात बहिणीचे पूर्ण नाव, वय, नवऱ्याचे नाव, सासरचा पत्ता, हल्ली छायाचित्र व अंगठ्याचा ठसाही असतो. शंभर वर्षांनी या शतकातील मराठी कुटुंबाचा शोध घेणाऱ्याला बहिणी सापडतील, आणि पूर्वीच्या कोणत्याही शतकापेक्षा अधिक संख्येने सापडतील. त्या जेथे जमिनीतून बाहेर पडल्या, त्याच कागदावर.